नोकरीचे गाव, घराचे गाव

१८७० साली शिकागोची लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती. पुढच्याच वर्षी शहराचा मधला भाग आगीत भस्मसात झाला, तरी १९०० च्या जनगणनेत ती सतरा लाखांना टेकली. डेट्रॉइटची चाल जवळपास तशीच. १९०० मध्ये तिथे तीन लाखांहून कमी माणसे राहत होती. १९१४ च्या जानेवारीत हेन्री फोर्डने दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली आणि १९३० पर्यंत शहर पंधरा लाखांच्या पुढे गेले. इतिहासाची पुस्तके ही वाढ धुराड्यांच्या, रेल्वेच्या आणि मोटारींच्या हिशेबात मांडतात. कारखान्यांनी माणसे ओढली हे खरेच. पण ओढलेला प्रत्येक माणूस पहिल्याच रात्री कुठेतरी पाठ टेकत होता आणि तिथले भाडे त्याच आठवड्याच्या मजुरीतून भागत होते, ही गोष्ट मात्र गृहीत धरली जाते. माझ्या मते अमेरिकी शहरांच्या इतिहासातली कळीची गोष्ट तीच आहे. गरिबाला वर येण्याची जी संधी या शहरांनी दिली, ती चढ्या पगाराच्या शेजारी परवडणारी खोली मिळत असे म्हणून खरी संधी होती. विसाव्या शतकात ही खोली कायद्याने, टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आली. पगार तिथेच राहिले. तिथवर पोचण्याची वाट बंद झाली. पीटर गॅनाँग आणि डॅनियल शोग या अर्थशास्त्रज्ञांनी मांडलेला हिशेब असा, की १८८० ते १९८० या शंभर वर्षांत अमेरिकेतल्या गरीब आणि श्रीमंत राज्यांच्या दरडोई उत्पन्नातली दरी वर्षाला सुमारे १.८ टक्क्यांनी भरून येत होती. माणसे गरीब राज्यांतून उठून श्रीमंत राज्यांत जात होती, हे त्याचे एक मोठे कारण. १९८० नंतर हा वेग निम्म्याहून खाली आला.

जुनी व्यवस्था कशी चालत असे ते जरा तपशिलात पाहायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी अमेरिकेतल्या शहरी माणसांपैकी एक तृतीयांश ते निम्मी माणसे आयुष्यात कधी ना कधी दुसऱ्याच्या घरात पैसे देऊन राहिली होती, किंवा आपल्या घरात पोटभाडेकरू ठेवत होती, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. विधवा बाई दोन खोल्या भाड्याने देऊन घर चालवी, चार तरुणांना जेवू घाली. गिरणगावातल्या खाणावळी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही. त्याहून बरे दिवस आले की बॉस्टनचे तीन मजली लाकडी ‘थ्री-डेकर’, शिकागोचे ‘टू-फ्लॅट’, कॅनडातल्या माँट्रियलची बाहेरून वळणदार जिने असलेली दुमजली-तिमजली घरे असत. मालक एका मजल्यावर राही, वरचे मजले भाड्याने देई आणि त्या भाड्यावर कर्ज फेडी. म्हणजे एकच इमारत नव्याने आलेल्याला निवारा देत होती आणि दहा वर्षांपूर्वी आलेल्याला घरमालक करत होती. एकट्या माणसांसाठी रोजाने, आठवड्याने खोली देणारी स्वस्त हॉटेले शहराच्या मध्यावर होती. मोलमजुरी करणारे, खलाशी, म्हातारे, नुकतेच उतरलेले परदेशी तिथे राहत. खोली लहान, संडास सामाईक, पण काम पायी जाण्याच्या अंतरावर.

या जगाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या चाळवजा इमारतींत उजेड नव्हता, हवा नव्हती. क्षयाने माणसे मरत होती. १९०१ चा तिथला घरबांधणी कायदा प्रत्येक खोलीला खिडकी आणि प्रत्येक बिऱ्हाडाला संडास सक्तीचा करतो, त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. शिवाय न्यूयॉर्कने तेव्हा दुसरी बाजूही सांभाळली. १९०४ मध्ये भुयारी रेल्वे सुरू झाली, तिच्या कडेने घरे उठली आणि दोन लाखांचे ब्राँक्स १९३० पर्यंत साडेबारा लाखांचे झाले. गर्दीतली माणसे नव्या, उजेडाच्या घरांत गेली. आरोग्याचे नियम आणि मुबलक बांधकाम एकत्र नांदू शकतात, याचा हा चांगला दाखला आहे. म्हणून ‘नियोजन नसते तर रोगराई आणि आगी असत्या’ हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. जिन्याची रुंदी, खिडकीचा आकार, आगीपासून बचाव यांचे नियम घर चांगले करतात. माझा रोख दुसऱ्या जातीच्या नियमांवर आहे: कोणत्या रस्त्यावर किती कुटुंबे राहू शकतील हे ठरवणाऱ्या नियमांवर.

त्यांची सुरुवात पाहिली की हेतूबद्दल फारशी शंका उरत नाही. १८७० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने माणशी पाचशे घनफूट हवा असलीच पाहिजे असा नियम केला आणि तो राबवला चिनी मजुरांच्या खोल्यांवर. पकडलेल्या चिन्यांनी दंड भरण्याऐवजी तुरुंग पत्करला, तेव्हा तुरुंगातच माणशी तेवढी हवा उरली नाही. पुढे त्याच शहराने लाकडी इमारतीत लाँड्री चालवण्यासाठी परवाना सक्तीचा केला. गोऱ्यांना तो मिळे, चिन्यांना नाकारला जाई. हा भेदभाव सर्वोच्च न्यायालयाने १८८६ मध्ये यिक वो खटल्यात घटनाबाह्य ठरवला. १९१० मध्ये बाल्टिमोरने काळ्यांनी कोणत्या गल्लीत राहायचे नाही हे थेट कायद्यात लिहिले. १९१७ मध्ये लुइव्हिलच्या तशाच कायद्यावरून न्यायालयाने तीही वाट बंद केली. याच सुमारास, १९१६ साली, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीने एक नवी क्लृप्ती काढली: काही भागांत एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचे घर, दुसरे काही नाही. तिच्या पुरस्कर्त्यांत डंकन मॅकडफी हा जमिनीचा मोठा विकासक होता आणि त्याच्या प्लॉटच्या खरेदीखतांत वंशाची अट असे. नव्या नियमात वंशाचा उल्लेख नव्हता. गरज नव्हती; ज्याला अख्ख्या प्लॉटचे पैसे परवडत नाहीत तो आपोआप बाहेर राहत होता. १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीवर शिक्का मारला. न्यायमूर्ती सदरलँड यांनी त्या निकालात, बंगल्यांच्या वस्तीत येणारी अपार्टमेंट इमारत म्हणजे बांडगूळ, अशा अर्थाचे शब्द वापरले. ज्या इमारतीने आधीच्या दोन पिढ्यांना शहरात पाय रोवू दिला, तिला देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने उपद्रव ठरवले.

तरीही पुढची चाळीस वर्षे शहरे वाढत राहिली, कारण कागदावरचे नियम सैल होते आणि बाहेर मोकळी जमीन होती. १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाऊन हे उपनगर उभे राहिले, युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर कर्जे मिळाली, कारखान्यात राबणारा गोरा कामगार घरमालक झाला. ‘गोरा’ हा शब्द इथे मोलाचा आहे. १९१० ते १९७० या काळात दक्षिणेतून सुमारे ६० लाख काळी माणसे उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेली. त्यांनी पगार वाढवून घेतला, पण १९३४ नंतरच्या सरकारी गृहकर्ज विम्यातून त्यांच्या वस्त्या वगळल्या गेल्या आणि नवी उपनगरे त्यांना बंद राहिली. म्हणजे सर्वांसाठी खुली असलेली संधी मागाहून बंद झाली असे म्हणणे बरोबर होणार नाही. काही दारे मुळातच बंद होती. घरांबाबतचा भेदभाव बंद करणाऱ्या १९६८ च्या कायद्याने ती उघडायला सांगितली आणि जेमतेम दहा वर्षांत दाराला नवी, दिसायला निष्पाप कुलपे लागली.

ती कशी लागली हा या इतिहासातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग, कारण इथे खलनायक सापडत नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत शहर सुधारण्याच्या नावाखाली सॅन फ्रान्सिस्कोतल्या फिलमोरसारख्या जित्याजागत्या काळ्या वस्त्या बुलडोझरखाली गेल्या. शहराच्या छातीवरून महामार्ग नेण्याचे घाट घातले गेले. लोकांनी विरोध केला आणि तो रास्त होता. लेखिका जेन जेकब्ज यांचे १९६१ चे पुस्तक या विरोधाची गीता ठरले. त्या पुढे टोरोंटोला राहायला गेल्या आणि १९७१ मध्ये तिथला स्पाडायना महामार्गही रोखला गेला. पण सरकारी बुलडोझर अडवण्यासाठी घडवलेली हत्यारे शेजाऱ्याची तीन मजली इमारत अडवायलाही तितकीच चालत होती. कॅलिफोर्नियाचा १९७० चा पर्यावरण कायदा सरकारी प्रकल्पांसाठी होता. १९७२ च्या एका निकालाने तो खासगी बांधकामालाही लागू झाला. त्याच वर्षी पेटालुमा या गावाने वर्षाला पाचशेच नवी घरे अशी मर्यादा घातली आणि न्यायालयाने ती मान्य केली. जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी घरपट्टीवर बंधन घातले: कर घराच्या खरेदी किमतीच्या एक टक्का, आणि ती आधारभूत रक्कम वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढणार नाही. घराचा भाव दसपट झाला तरी जुन्या मालकाला झळ नाही. शहरालाही नव्या घरांपेक्षा विक्रीकर देणारे दुकान बरे वाटू लागले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोने आपल्या निवासी भागांत बांधता येण्याजोग्या घरांची संख्या घटवली.

आकड्यांत हे असे दिसते. न्यूयॉर्कच्या १९१६ च्या नियमांनुसार शहरात तत्त्वतः साडेपाच कोटी माणसे राहू शकली असती. १९६१ च्या नियमांनी ती क्षमता सुमारे एक कोटी वीस लाखांवर आणली. लॉस एंजेलिसची अशीच क्षमता १९६० मध्ये सुमारे एक कोटी होती, १९९० पर्यंत ती चाळीस लाखांच्या आसपास आली. सॅन फ्रान्सिस्कोत १९५० साली पावणेआठ लाख माणसे होती. सत्तर वर्षांनी, जगातल्या सर्वांत श्रीमंत उद्योगाच्या उंबऱ्यावर बसूनही, पावणेनऊ लाखांच्या आत. १९७० मध्ये कॅलिफोर्नियातले घर देशाच्या सरासरीपेक्षा ३० टक्के महाग होते, १९८० मध्ये ८० टक्के, आणि २०१५ च्या सुमारास ते सरासरीच्या अडीचपट झाले. याच काळात एकट्या माणसाची स्वस्त हॉटेलेही नाहीशी झाली. न्यूयॉर्कने १९५५ मध्ये तशी नवी बांधायला बंदी केली. सॅन फ्रान्सिस्कोत ऑगस्ट १९७७ मध्ये इंटरनॅशनल हॉटेलातून म्हाताऱ्या फिलिपिनो आणि चिनी भाडेकरूंना पोलिसांच्या बळावर बाहेर काढले गेले, तेव्हा हजारो माणसे त्यांच्या बाजूने रस्त्यावर उभी होती.

याचा संधीशी संबंध कसा लागतो? गॅनाँग आणि शोग यांनी दिलेले उदाहरण नेमके आहे. १९६० मध्ये दक्षिणेकडच्या गरीब राज्यातून न्यूयॉर्क परिसरात आलेला वकीलही फायद्यात राही आणि झाडलोट करणारा कामगारही. उलट घरखर्च वजा केल्यावर कामगाराचा फायदा प्रमाणाने जास्त भरे. पन्नास वर्षांनी वकील अजूनही फायद्यात आहे, कामगाराची मात्र जास्तीची मजुरी घरभाड्यात वाहून जाते. म्हणून तो न्यूयॉर्ककडे निघत नाही. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले, की उत्पन्नाच्या तळच्या पाचव्या हिश्शात जन्मलेले मूल वरच्या पाचव्या हिश्शात पोचण्याची शक्यता कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे परिसरात १२.९ टक्के होती, शार्लटमध्ये ४.४. ही १९८० च्या आसपास जन्मलेली मुले. त्यांचे आईबाप तिथे परवडत होते तेव्हा आलेले. गरिबाच्या मुलासाठी देशातले सर्वांत चांगले ठरलेले मोठे शहर आज गरिबाला आत येऊच देत नाही. या निर्बंधांमुळे अख्ख्या देशाचे किती उत्पन्न बुडाले याचे मोठे आकडे चँग-ताइ शी आणि एन्रिको मोरेटी या अर्थशास्त्रज्ञांनी दिले होते. त्यांच्या गणितातल्या चुका पुढे इतरांनी दाखवल्या, म्हणून ते आकडे मी इथे वापरत नाही. ते वगळूनही मुद्दा उभा राहतो.

यावर पहिला आक्षेप भूगोलाचा. सॅन फ्रान्सिस्कोला तीन बाजूंनी पाणी, व्हँकूव्हरला समुद्र आणि डोंगर. घरे बांधायची कुठे? जमीन तुटपुंजी असेल तर ती महागच असणार, हे खरे. पण मग तुटपुंज्या जमिनीवर उंच बांधायला हवे, आणि नेमके तेच निषिद्ध होते. व्हँकूव्हरच्या वेस्ट एंडमध्ये १९५० आणि ६० च्या दशकांत भाड्याच्या इमारती झपाट्याने उठल्या, तेव्हाही समुद्र तिथेच होता. शहराचा बहुतेक निवासी भाग मात्र बंगल्यांसाठी राखलेला राहिला. दुसरा आक्षेप परदेशी पैशाचा. ब्रिटिश कोलंबियाने ऑगस्ट २०१६ मध्ये व्हँकूव्हर परिसरातल्या परदेशी खरेदीदारांवर १५ टक्के कर लावला, कॅनडाने जानेवारी २०२३ पासून त्यांच्या खरेदीवर बहुतांशी बंदीच घातली. तरीही व्हँकूव्हर आणि टोरोंटो सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आलेली नाहीत. सट्टेबाज टंचाईवर पैसा लावतो. टंचाई आधीपासून असते. त्याच देशातले माँट्रियल बराच काळ तुलनेने स्वस्त राहिले. तिथली अर्थव्यवस्था १९७० नंतर टोरोंटोच्या मागे पडली हे एक कारण; पण तिथे भाड्याची तिमजली घरे मोडीत काढली गेली नाहीत, हेही एक कारण आहे.

ह्यूस्टनचे नाव इथे टाळता येत नाही. त्या शहराच्या मतदारांनी १९४८, १९६२ आणि १९९३ असे तीनदा जमीन-वापराचे विभाग पाडण्याचे प्रस्ताव धुडकावले. तिथे नियमच नाहीत असे मात्र नव्हे. जुन्या वसाहतींच्या खरेदीखतांतल्या अटी महापालिका स्वतः राबवते. महत्त्वाची गोष्ट १९९८ ची. आतल्या वळणरस्त्याच्या आत एका घराला किमान ५००० चौरस फूट जमीन लागे, ती अट १४०० वर आणली गेली. २०१३ मध्ये ही सवलत शहरभर पसरली. एका जुन्या बंगल्याच्या जागी तीन सडपातळ घरे उभी राहू लागली. ज्या गल्लीला हे नको होते तिला सह्या गोळा करून बाहेर राहण्याची मुभा ठेवली, म्हणून विरोध विझला. ह्यूस्टनवरचे आक्षेप मी झटकून टाकणार नाही. पसरलेले शहर, मोटारीवाचून गती नाही, आणि २०१७ मध्ये हार्वी वादळाने दाखवले की पाणी मुरण्याच्या जागी काँक्रीट ओतल्याची किंमत किती असते. टेक्सासची घरपट्टीही जबर आहे. पण शिक्षिका, नर्स, ट्रकचालक ह्यूस्टनमध्ये घर घेऊ शकतात आणि सॅन होजेत नाही, हे या दोषांनी खोटे ठरत नाही. २३ लाख वस्तीच्या या शहराने २०११ नंतर बेघरांची संख्या निम्म्याहून खाली आणली. त्याचे श्रेय संस्थांच्या समन्वयाला आहेच, पण देण्यासाठी रिकामी, परवडणारी घरे असावी लागतात.

मराठी माणसाचा या इतिहासाशी संबंध आहे तो १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यापासून. त्या कायद्याने आशियाई लोकांवरचे कोटे उठवले, डॉक्टर-इंजिनियर गेले, मंडळे निघाली, १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. गॅनाँग-शोग यांच्या उदाहरणातला वकील म्हणजे आपली ही मंडळी: ज्यांच्यासाठी सॅन होजेचे गणित बराच काळ जुळत राहिले. त्यांनी कष्ट केले हे निर्विवाद. पण अमेरिकेतल्या संधीचे जे चित्र त्यांच्या पत्रांतून, फोनवरून आणि सुट्टीतल्या गप्पांतून महाराष्ट्रात पोचले, ते पदवीधराच्या बाजूने काढलेले चित्र होते. त्यात झाडलोट करणारा, स्वयंपाकघरात भांडी घासणारा, दोन तास गाडी हाकून कामावर येणारा माणूस नव्हता. आता सॉफ्टवेअरवाले तरुणही डॅलस, ऑस्टिनकडे वळताना दिसतात. मंडळाचे २०१९ चे अधिवेशन डॅलसला आणि २०२४ चे सॅन होजेला भरले, ही दोन नावे या दोन वाटांची आहेत.

राहिला शेवटचा आणि डावीकडून येणारा आक्षेप: बिल्डर बांधतात ती घरे श्रीमंतांसाठी, त्याने गरिबाचे काय भले? नवी इमारत बहुधा महागच असते, पूर्वीही असे. पण तिच्यात जाणारा माणूस मागे एक घर रिकामे करतो, त्यात जाणारा दुसरे. अर्थशास्त्रज्ञ इव्हान मॅस्ट यांनी अशा साखळ्यांचा पत्त्यांच्या नोंदींवरून माग काढला आणि त्या कमी उत्पन्नाच्या वस्त्यांपर्यंत पोचतात असे त्यांना आढळले. उलट, नवी इमारत अडवली की श्रीमंत परत जात नाही. तो जुन्याच घरासाठी गरिबापेक्षा जास्त बोली लावतो. मात्र अगदी तळच्या माणसापर्यंत ही साखळी पोचत नाही, हा आक्षेपाचा भाग मला पूर्ण मान्य आहे. अमेरिकेत घरभाड्याच्या सरकारी मदतीला पात्र असलेल्या दर चार कुटुंबांपैकी जेमतेम एकाला ती मिळते. ती वाढवायलाच हवी. पण घरांची संख्या गोठवून नुसती मदत वाढवली, तर ती घरमालकाच्या खिशात जाईल.

हे सगळे इतका काळ टिकले कशामुळे? बांधकामाचा निर्णय नगर परिषदेच्या हाती आणि नगर परिषद आज राहणाऱ्यांच्या हाती. जो उद्या आला असता, त्याला तिथे मत नाही. म्हणून अलीकडचे बहुतेक बदल वरच्या पातळीवरून आले. मिनियापोलिसने २०१८ मध्ये स्वतः होऊन प्रत्येक प्लॉटवर तीन बिऱ्हाडांना परवानगी देणारा आराखडा मंजूर केला, पण ते अपवादच. कॅलिफोर्नियात २०२१ चा प्लॉट विभागण्याचा कायदा, ब्रिटिश कोलंबियात २०२३ चा तीन-चार बिऱ्हाडांचा कायदा, हे राज्याने आणि प्रांताने गावांवर घातलेले निर्बंध आहेत. स्थानिक स्वायत्ततेवर हा घाला आहे अशी तक्रार होते. ती तक्रार करणाऱ्यांनी २०२० च्या जनगणनेचा निकाल पाहावा. राज्य झाल्यापासून पहिल्यांदाच कॅलिफोर्नियाची काँग्रेसमधली एक जागा कमी झाली. टेक्सासच्या दोन वाढल्या.